सातवं पाणी

१

बाटली जागेवर होती, बूच जागेवर होतं, बुचावरचं सील जागेवर होतं आणि बाटलीतली पांढरी पूडही जागेवर होती. जागेवर नव्हतं ते फक्त औषध.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मावशीने सील तोडून चिमूटभर पूड पाण्यात टाकली. पूड साखरेसारखी विरघळली. मग तिने ती काचनळी काळ्या खोक्यात, यूव्ही दिव्याखाली धरली. एरवी या क्षणी ते पाणी निळं पेटायचं, इतकं की बघणाऱ्याच्या तोंडून 'अगं बाई' निघावं. आज पाणी काळंच राहिलं. मावशीने दिवा बंद करून पुन्हा लावला. काळंच.

भिंगरी तिच्या खांद्यावरून डोकावत होती. वय सोळा, परीक्षा संपून आठवडा झालेला, आणि एका जागी बसली तर पृथ्वी फिरायची थांबेल अशी समजूत. म्हणून नाव भिंगरी. सुट्टीभर ती मावशीच्या प्रयोगशाळेत ठाण मांडून होती.

"कुणीतरी चोरलं!" ती म्हणाली.

"सीलबंद बाटलीतून?" मोजमापे म्हणाले. मोजमापे हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण त्यांचं खरं आडनाव आता त्यांच्या बायकोशिवाय कुणाला आठवत नसावं. हा माणूस चहातली साखरही काट्यावर तोलून घ्यायचा. "काल मी स्वतः भरली, स्वतः सील केली. वजन चारशे बारा मिलिग्रॅम. आत्ताही तेवढंच होतं. चोर काय वजन परत ठेवून गेला?"

मावशी स्टुलावर बसली.

"उद्या ताईला पहिला डोस होता," ती म्हणाली.

ताई म्हणजे मावशीची मोठी बहीण. म्हणजे भिंगरीची आई.

२

त्या औषधाची गोष्ट अशी. एका झाडाच्या खोडातून ते काढायचं. कॅन्सरच्या गाठीचं ते जितकं वैरी, तितकंच त्याचं पाण्याशीही वाकडं. पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाशी बसायचं, आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देणार कसं? म्हणून मावशीने ते एका पॉलिमरला बांधलं होतं. पॉलिमर म्हणजे लांबच लांब धागा, पण पाण्याचा एकदम लाडका. त्याच्या खांद्यावर बसून औषध अंगभर फिरणार आणि गाठीपाशी पोचलं की हळूच उतरणार. नऊ वर्षं मावशीने या एका खांद्यावर घातली होती.

आणि परवानगी मिळाली होती ती एका रुग्णापुरती, याच एका बाटलीपुरती. खोडाचा भुसा संपलेला. नवा भुसा, नवं औषध, नव्या तपासण्या, नवी परवानगी, सगळं धरून सहा महिने. आईच्या डॉक्टरांनी महिने म्हणणं कधीच सोडलं होतं. ते आता आठवडे म्हणत.

भिंगरी पाच मिनिटं भांडारात जाऊन रडली. मग नाक पुसून वही घेऊन बाहेर आली.

"मी तपास करणार," तिने जाहीर केलं. "चोर संध्याकाळपर्यंत सापडला, तर औषध उद्या सकाळी परत बाटलीत. मावशी, पहिल्यापासून सांग."

मावशीने तिला हाकललं नाही. बुडणारा माणूस काडी लहान आहे की मोठी ते बघत नाही.

शुक्रवारी मावशीच्या हाताखालच्या दादाने औषध धाग्याला बांधलं. शनिवारी मावशीने तपासलं, झगझगीत निळं. मग ते धुवायला एका पिशवीत बांधलं. पिशवी चहाच्या पुरचुंडीसारखी, फक्त तिची भोकं इतकी बारीक की धाग्याला न चिकटलेला बारीकसारीक कचरा बाहेर जातो आणि लांब धागा आतच अडकतो. ही पिशवी शुद्ध पाण्याच्या बादलीत तरंगत ठेवायची. शनिवारी संध्याकाळी पाणी बदललं, रविवारी दुपारी पुन्हा बदललं. दोन्हीकडे प्रयोगशाळेच्या वहीत दादाची सही. सोमवारी पिशवीतलं पाणी गोठवून सुकवायला लावलं, बुधवारी पूड बाटलीत.

"पिशवीतून काढल्यावर नाही तपासलंस?"

मावशीने खिडकीकडे पाहिलं. "एरवी तपासते. एक दिवस जातो त्यात. मला तो एक दिवस हवा होता."

भिंगरीने वहीत लिहिलं: शनिवारी होतं, गुरुवारी नाही.

मोजमाप्यांची झडती पहिली. कपाटाची किल्ली त्यांच्याच गळ्यात असायची.

"काका, समजा तुम्ही चोर आहात."

"समजतो."

"तुम्ही औषधवाली पूड काढून घेतली आणि त्याच वजनाची साध्या पॉलिमरची पूड भरली. दिसायला सारखीच. वर सीलही तुमचंच!"

मोजमाप्यांना राग आला नाही, उलट कौतुक वाटल्यासारखं झालं. त्यांनी साध्या पॉलिमरची बरणी उतरवली, काट्यावर ठेवली आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. प्रत्येक वेळी बरणी उघडली की तारीख आणि वजन टिपायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. शेवटची तारीख मागच्या महिन्यातली. काट्यावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत एकच.

"अख्ख्या इमारतीत असली दुसरी बरणी नाही, बाळ. आता सांग, मी भरलं काय? तांदळाचं पीठ?"

म्हणजे पूड बदललेली नव्हती. धागा तोच होता. फक्त त्याच्या खांद्यावरचा स्वार उतरून गेला होता.

दादा सापडला जिन्यात, फोनवर कुजबुजताना. दादा म्हणजे पाच वर्षं पीएचडी करणारा, मावशीचा उजवा हात. भिंगरीला बघून त्याने फोन घाईने खिशात टाकला. खिशातून एक घडी घातलेलं पत्र खाली पडलं. एका औषध कंपनीचं नोकरीचं पत्र.

"अच्छा! म्हणजे औषध घेऊन पोबारा!"

"पत्रावरची तारीख वाच, हुशार. सोमवारची आहे. नोकरी आधीच पक्की, मग चोरी कशासाठी? आणि मुलाखत कधी होती ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

ते खरं होतं. मुलाखत रविवारी होती, म्हणूनच दादाने पाणी बदलायचं काम गुपचूप भिंगरीला दिलं होतं. 'जुनं ओत, कॅनमधलं भर, पिशवी परत ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस.' सही त्याने आदल्या दिवशीच करून ठेवलेली. मावशी रविवारी दवाखान्यात होती, तिला पत्ताच नव्हता. केवढी फुलली होती भिंगरी त्या दिवशी! आईच्या औषधाला तिचा हात लागणार होता.

"ते आपल्यातच ठेव," दादा म्हणाला. "मॅडमना कळलं तर माझी चामडी लोळवतील."

"ठेवलं," भिंगरी म्हणाली. गुप्तहेर शब्दाचा पक्का असतो.

३

दुपारी ती रस्ता ओलांडून दवाखान्यात गेली. आईची खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून प्रयोगशाळेची गच्ची दिसायची. मावशीने सकाळीच येऊन आईला सगळं सांगितलं होतं. लपवाछपवी त्या दोघी बहिणींच्या रक्तातच नव्हती.

"या, गुप्तहेर," आई म्हणाली. आवाज वाळल्या पानासारखा झालेला, पण खवचटपणा शाबूत. "चोर सापडला?"

"तीन संशयित आहेत. दोघं सुटले. राहिल्या काकू."

"प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या? त्या बाईंनी तीस वर्षांत काचेचा कपही फोडलेला नाही. त्या काय चोरणार?"

"मग कोण?"

आई आयुष्यभर रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचत आली होती. तिने डोळे मिटून विचार केला. "असल्या गोष्टींत जो सगळ्यात जास्त मदत करत सुटतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची."

"म्हणजे मावशी?"

आई हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत भिंगरी तिची पाठ चोळत राहिली. पाठ कसली, नुसती कण्याची माळ. खोकला थांबल्यावर आईने तिचा हात हातात घेतला आणि बोटांवरून अंगठा फिरवला.

"हात कशाने फाटले गं इतके? पापुद्रे निघालेत."

"अभ्यासाने!"

"परीक्षा संपून आठवडा झाला." आईने उशाशी असलेली मलमाची डबी उघडली आणि एकेक बोट घेऊन सावकाश मलम लावलं. दहा बोटांना तिला पंधरा मिनिटं लागली. "उद्याचं नाहीच ना काही?" तिने मलम लावता लावता विचारलं, अगदी सहज, उद्या दूधवाला येणार का असं विचारावं तसं.

"सापडेल," भिंगरी म्हणाली. "मी शोधतेय म्हटल्यावर सापडेलच."

४

चार वाजता तिने प्रयोगशाळेचे सगळे पडदे ओढले आणि हातातला यूव्ही दिवा पेटवला. औषध जिथे सांडलं असेल तिथे ते निळं चमकणार. साधं होतं. आधी कुणाला सुचलं नाही याचंच तिला नवल वाटत होतं.

पहिल्याच फेरीत काकूंचा ॲप्रन लख्ख निळा पेटला.

"काकू!" भिंगरी किंचाळली.

"काय गं, विंचू चावला की काय?"

दादा हसायला लागला. "स्वतःकडे बघ."

भिंगरीचा सदराही पेटला होता. मावशीची कॉलर, मोजमाप्यांचा रुमाल, सगळंच. "कपड्यांच्या पावडरीत चमक घातलेली असते," मोजमापे म्हणाले. "या दिव्याखाली धोब्याची दोरीही दिवाळखोरासारखी चकाकते. बाहेरून नुसती चमक, खिशात काही नाही."

भिंगरी ओशाळली, पण थांबली नाही. टेबलं, कपाट, काटा, फ्रीज, काही नाही. मग मोरी. मोरीच्या जाळीभोवती, बांगडीसारखी, निळी कड. आणि मोरीखाली पालथ्या ठेवलेल्या बादलीच्या दांडीच्या खाचेत एक निळा ओघळ.

मोजमाप्यांनी वाकून पाहिलं.

"साबण असेल," मोजमापे म्हणाले, पण स्वतःलाच न पटल्यासारखं.

"इथला साबण आणा," भिंगरी म्हणाली. काकूंनी साबणाची वडी दिव्याखाली धरली. काळी ठिक्कर. प्रयोगशाळेच्या साबणात चमक नसते. म्हणजे मोरीत होतं ते औषधच.

"चोरलं नाही," भिंगरी हळू म्हणाली. "ओतलं गेलं. पिशवीतून बादलीत, बादलीतून मोरीत. पण मावशी, ते तर पाण्यात विरघळतच नाही!"

"साध्या पाण्यात नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज मोरीच्या तळातून आल्यासारखा होता. "पाणी आम्लारी झालं, सोड्यासारखं, तर औषध धाग्यावरून सुटतं. सुटलेल्या रेणूची एक कडी उघडते आणि मग ते पाण्यात छान विरघळतं. एवढंसं असतं ते. पिशवीच्या भोकातून आरामात जातं."

"पण बादलीभर पाणी आम्लारी करायला सोडा किती लागेल?"

"चिमूटभर. शुद्ध पाण्याला स्वतःचं काहीच नसतं गं. जो भेटेल त्याच्यासारखं ते होतं."

दादाने भिंगरीकडे पाहिलं आणि झटकन नजर काढून घेतली.

"मी केलं," काकू म्हणाल्या.

सगळे वळले. काकूंनी मोरीखालून एक डबा काढला. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, झाकणाला पोचा आलेला, वर नावाची चिठ्ठी नाही. "हा धुण्याचा सोडा. रविवारी आले होते मी. बादली मळकट दिसली म्हणून घासली. नीट धुवायची राहिली असेल. म्हातारी झाले. उद्यापासून येत नाही, बाई. झालं?"

मावशीने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मोजमाप्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

भिंगरी त्या डब्याच्या पोच्याकडे बघत होती. तो पोचा तिच्या ओळखीचा होता. झाकण निघेना, तेव्हा तिने तिथेच अंगठा रोवला होता.

तिने दोन्ही हात खिशात घातले.

५

प्रकरण मिटलं होतं. गुन्हा कळला होता, गुन्हेगाराने कबूल केलं होतं. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं, नुसतं गप्प बसायला हवं होतं. काकू कोपऱ्यात स्वतःचे रबरी हातमोजे घडी करून पिशवीत भरत होत्या.

भिंगरी पडदे उघडायला गेली. एक उघडला, दुसरा उघडला. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला.

"काकू खोटं बोलताहेत," ती पडद्याकडे बघूनच म्हणाली.

"गप गं," काकू म्हणाल्या.

"काकू रविवारी येत नाहीत. फाटकावरच्या वहीत रविवारचं त्यांचं नाव नसणार, बघून या. दुसरं, काकू काहीही धुतलं की सात पाण्यांनी खळबळतात. मोठ्याने मोजतात. तीस वर्षांत सातवं पाणी त्यांनी कधी चुकवलं नाही. त्यांनी बादली घासली असती तर सोड्याचा कणही राहिला नसता." तिला वाटलं आवाज कापेल, पण तो शाळेत उत्तर म्हणून दाखवताना निघावा तसा खणखणीत निघाला, आणि त्याची तिलाच भीती वाटली. "तिसरं, काकू सोड्याला हातमोज्यांशिवाय शिवत नाहीत. ज्याने बादली घासली त्याला सोडा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं, भांडी घासायची पूड आहे. त्याने उघड्या हातांनी घासली. म्हणजे त्याचे हात..."

ती वळली आणि तिने हात पुढे केले. मलमाने चकाकत होते. मलमाखालून पापुद्रे दिसत होते.

"बादलीला आतून बुळबुळीत कड होती," ती म्हणाली. "आईचं औषध त्यात राहणार होतं. मी लख्ख घासली. दोन पाण्यांनी खळबळली. शुद्ध पाणी वाया जाऊ नये म्हणून."

दादा भिंतीला टेकून खाली बसला. "मी पाठवलं होतं तिला, मॅडम. सही माझी आहे, काम तिचं. मी मुलाखतीला गेलो होतो."

"आणि मी तपासलं नाही," मावशी म्हणाली. कुणावर ओरडायला तिच्यात काही शिल्लक नव्हतं.

"सोमवारी बादली आरशासारखी दिसली, डब्याचं झाकण उघडं," काकू पुटपुटल्या. "तेव्हा नाही कळलं. आज कळलं. अहो, पोर आहे ती. जन्मभर हे डोक्यावर घेऊन फिरायचं तिने? माझं काय, मी आज आहे उद्या नाही."

भिंगरीने त्यांच्या पिशवीतून हातमोजे काढले आणि परत खुंटीला अडकवले.

"मोरीतून परत काढता येणार नाही का?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. विचारायचं म्हणून विचारलं.

मोजमाप्यांनी मान हलवली. "वजनच करता येणार नाही इतकं उरलंय, बाळ."

"ते लागू पडलं असतं का, मावशी?"

मावशीने टेबलावरची वही मिटली. "ते आता ताईच्या बाबतीत कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "ना तुला, ना मला."

६

तिसऱ्या मजल्यावर ऊन खिडकीतून उतरून पलंगाच्या पायापाशी आलं होतं. आई जागी होती.

"आलीस? सापडला चोर?"

"सापडला."

"कोण?"

जिन्यात भिंगरीने चार-पाच वाक्यं जुळवली होती. पहिलंही आठवेना.

"मी," ती म्हणाली.

मग सगळं सांगितलं. बादली, डबा, दोन पाणी. आई ऐकत राहिली. सांगून संपलं तेव्हा आईने डोळे मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. भिंगरी उभीच राहिली. बस असं कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी औषधांची गाडी खडखडत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली आणि खडखडत परत आली. आईचा खांदा हलत होता. श्वासाने की कशाने, ते मागून कळत नव्हतं.

"शेवटचं पान आधी वाचायला हवं होतं," आई भिंतीलाच म्हणाली.

भिंगरीला वाटलं आता पुढे काही येईल. जाऊ दे, किंवा ये इकडे, किंवा नुसतं अगं. काही आलं नाही.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "पाणी दे."

उशाशी पेला होता. भिंगरीने तो उचलला, कोपऱ्यातल्या नळाखाली धरला, बोटाने आतून घासला आणि खळबळून ओतला. एक. पुन्हा भरला, ओतला. दोन. फाटलेली बोटं पाण्याने चुरचुरत होती. तीन. चार. नळाचा आवाज खोलीभर होत होता. पाच.

"पुरे गं," पलंगावरून आवाज आला. "एक घोट तर प्यायचाय."

सहा.

भिंगरीने पेला पुन्हा नळाखाली धरला.